बाई म्हणायली, सरळ जा

गेल्या श्रावणात एका सकाळी आमचे मामा गेले. त्यांनी चहा मागितला होता. मी कप घेऊन व्हरांड्यात आले, तेव्हा ते खुर्चीत होते आणि गेलेले होते.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. त्या सकाळपासून मी त्यांच्याविषयी काही लिहावं म्हणते आहे, आणि दर वेळी पहिल्याच वाक्यापाशी हसू येतं म्हणून पेन खाली ठेवते. कारण त्यांच्याविषयीचं पहिलं वाक्य एकच असू शकतं: अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात रस्ता चुकलेल्या माणसांचा एवढा मोठा गोतावळा दुसऱ्या कुणाचाही नसेल. लोकांची माणसं नात्यातून जोडली जातात, नोकरीतून, शेजारातून. मामांची माणसं फोनमधल्या नकाशातून आली. तीही बरोबर पत्त्यावर आली म्हणून नव्हे, चुकून आली म्हणून.

आमचं घर बीड बायपासच्या अलीकडे एका गुंठेवारी वसाहतीत आहे, गल्लीतलं शेवटचं. गल्ली नाकासमोर येते आणि तेव्हा ती आमच्या फाटकाशी संपायची. फाटकाच्या आत अंगण, अंगणाच्या टोकाला सासूबाईंनी लावलेलं मोगऱ्याचं आळं, त्यामागे पुरुषभर उंचीची विटांची भिंत, आणि भिंतीपलीकडे लग्नाचं लॉन. हे सगळं आम्हाला दिसायचं, दूधवाल्याला दिसायचं, गल्लीतल्या कुत्र्यांनाही दिसायचं. दिसत नव्हतं ते फोनला. फोनमधल्या नकाशात आमची गल्ली फाटकातून, अंगणातून, मोगऱ्यावरून आणि भिंतीच्या पोटातून निळी रेघ होऊन थेट लॉनच्या दाराशी निघायची. शहराचं नाव बदललं तेव्हा नवं नाव फोनला आमच्याआधी पाठ झालं. पण आमची भिंत काही त्याच्या ध्यानात राहिली नाही. परिणाम असा, की लग्नसराईत नटूनथटून निघालेल्या गाड्या एकामागून एक आमच्या फाटकाला नाक लावून उभ्या राहत. भिंतीपलीकडून सनई ऐकू येई, मसालेभाताचा वास येई, दिव्यांच्या माळा दिसत. आणि पाहुणे मात्र आमच्या अंगणात.

पहिली गाडी आली तेव्हा सासूबाईंना जाऊन फार दिवस झाले नव्हते. मामा बोलेनासे झाले होते. जेवलात का विचारलं तर मान हलायची, एवढाच संवाद. संध्याकाळी मोगऱ्याला पाणी घालायचे आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. मी मुळात कमी बोलणारी. माझा नवरा वाळूजला कारखान्यात, पाळी सांभाळून घरी आला की झोपणारा. आमच्या घरात तेव्हा शब्द असे नव्हतेच. अशात एका दुपारी फाटकाशी हॉर्न वाजला. ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, “चचा, रस्ता किधर है? ये तो सीधा बता री.”

“कोण बता री?” मामांनी विचारलं. त्यांचा आवाज ऐकून मी पुस्तकातून मान वर केली.

“ये. मोबाइलवाली.”

मामा उठले. फाटकाशी गेले, खिडकीतून आत वाकले आणि फोनकडे नीट बघून म्हणाले, “हिला कुणी सांगितलं इथं रस्ता हाय म्हणून? लग्नाला चाललात व्हय? बायपासवरून वळसा घालावा लागंल. लई लांब पडंल. आता आलातच तर चहा घ्या.”

“पीछे पूरी फॅमिली है, चचा.”

“मग फॅमिलीला चहा वर्ज्य हाय का?”

त्या फॅमिलीत मोजायला गेलं तर गाडीच्या आकारावरचा विश्वास उडावा इतकी माणसं निघाली. मी दोनदा आधण ठेवलं. मामांनी त्यांचं गाव विचारलं, नवरी त्यांची कोण लागते ते विचारलं, पाऊसपाणी विचारलं, आणि त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आले. त्या रात्री त्यांनी दुसरी भाकरी मागितली. मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून ती भाजली.

तेव्हापासून फोनमधला आवाज आमच्या घरात ‘बाई’ झाला. “बाईनं आज कुणाला धाडलं नाय अजून,” असं मामा दुपारी म्हणायचे, जणू माहेरून कुणी यायचं आहे. बाईच्या भरवशावर त्यांनी सगळी व्यवस्था लावली. फाटकाशी माठ आला. माळ्यावरच्या खुर्च्या खाली आल्या. आणि सगळ्यात महत्त्वाची, भिंतीला शिडी आली. ज्यांचा मुहूर्त जवळ आलेला असे आणि ज्यांच्या गुडघ्यांची तयारी असे, त्यांना मामा शिडीने पलीकडे पोचवत. एकदा नवरदेवाची आत्या आली. अंगावर पैठणी, नाकात नथ, हातात मिक्सरचं खोकं. वळसा घालते म्हणाली तर अक्षता चुकणार. तिने पदर खोचला, चपला माझ्या हातात दिल्या आणि शिडीच्या मधल्या पायरीवरून ओरडली, “खाली कुणी बघू नका रे!” मामा तत्परतेने पाठ फिरवून उभे राहिले आणि पाठीमागे हात करून शिडी धरली. आत्याबाईंचं डोकं भिंतीवर उगवताच पलीकडून आरोळी आली, “आत्या आल्या! भिंतीवरून आल्या!” आणि बँडवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी एकदम वाजवायला सुरुवात केली. मिक्सर मागाहून मामांनी वर केला. चपला मात्र माझ्या हातातच राहिल्या. त्या न्यायला आत्याबाई दुसऱ्या दिवशी बुंदी घेऊन आल्या, तेव्हा बाईच्या मदतीशिवाय आल्या.

काही पाहुणे तर पलीकडे गेलेच नाहीत. एक गंगापूरकडचे गृहस्थ चहाला बसले, बोलता बोलता त्यांची आणि मामांची ज्वारीच्या कुठल्याशा वाणावरून जुंपली, ती पिठलं-भाकरी होईपर्यंत मिटली नाही. मी मधेच आठवण केली, “अहो, तुमचं लग्न?”

“लागलं असंल की,” ते म्हणाले आणि ठेच्याचा वाडगा पुढे ओढला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, म्हणून मामा मला मास्तरीणबाई म्हणायचे. एका दुपारी आलेल्या गाडीतून बाई म्हणाली, “आपण आपल्या गंतव्यस्थानाजवळ पोहोचला आहात.” गाडी गेल्यावर मामांनी मला हाक मारली.

“मास्तरीणबाई, गंतव्यस्थान म्हंजी काय?”

“जिथं जायचं असतं ते ठिकाण.”

“म्हंजी आपलं घर.”

“नाही हो. ते लोक लॉनला निघाले होते.”

“निघाले होते लॉनला. पोचले आपल्याकडं. बाई म्हणायली पोचलात. मग?”

पुढे ते घराचा पत्ता सांगताना गल्लीच्या नावाआधी गंमत म्हणून हा शब्द लावू लागले, आणि गॅसवाल्याला तो बिनचूक कळू लागला.

बाईची एवढी ओळख झाल्यावर मामांनी तिला स्वतःच्या गाडीतही बसवलं. त्यांची जन्मभराची नोकरी या शहरात झालेली, पण आता ते औरंगपुऱ्यात भाजी आणायला निघाले तरी बाईला विचारून निघायचे. विचारायचे खरे, ऐकायचे नाहीत. क्रांती चौकात ती डावीकडे वळा म्हणाली की हे हटकून सरळ. बाई क्षणभर गप्प बसायची आणि शांतपणे नवा रस्ता सांगायची. या शांतपणाचं मामांना अतोनात कौतुक. “बघ, चिडली का? नाय. तुझ्या सासूचं असं ऐकलं नाय की औरंगपुरा येईपर्यंत अबोला.” एवढं बोलून ते पुढच्या चौकापर्यंत स्वतःच अबोल व्हायचे. मग बाई “वालुज” म्हणायची आणि त्यांना पुन्हा कंठ फुटायचा. “वालुज नाय गं, वाळूज. ळ म्हण, ळ. जीभ मागं घे.” जुन्या बोळांत शिरलं की बाईचा अगदीच गोंधळ उडायचा. एकदा आम्ही भर रस्त्यात हातगाडीमागे अडकलो होतो आणि तिचं ठाम मत होतं की आम्ही एका कापडदुकानाच्या आत उभे आहोत. मामांनी गाडी कडेला घेतली, “ती म्हणायलीच तर रुमाल घेऊन टाकू,” म्हणाले आणि खरोखर घेऊन आले. कुणी विचारलं की मामा, या फोनवर कितपत भरवसा ठेवावा, तर ते न्यायाधीशासारखे थांबून म्हणत, “बाई कधीकधी गलत हाय, पण इमानदार हाय. तिला जे वाटतं तेच बोलती.”

एकाच गोष्टीवरून ते घरात भडकायचे. माझ्या नवऱ्याने एका सुट्टीच्या दिवशी फोन काढला आणि म्हणाला, “अप्पा, ही चूक कळवता येते. इथं दाबलं की झालं, ते नकाशा दुरुस्त करतात.”

“खबरदार,” मामा म्हणाले. “कुणाची चुगली करायची नाय.”

“चुगली कसली? लोकांना तकलीफ होते.”

“लोकांना होते, का तुला होते? लोकं चहा पिऊन जायलेत. फोन ठेव खाली.”

मला वाटलं, माणसं यायची बंद होतील म्हणून ते घाबरतात. ते खरंच होतं. पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मला एका गोरज मुहूर्ताच्या लग्नानंतर कळलं.

उन्हाळ्याचे दिवस होते, मोगरा कळ्यांनी भरला होता. एक जीप फाटकाशी येऊन थांबली. मागच्या सीटवर आडवे बसलेले एक गृहस्थ, डोक्याला गुलाबी फेटा, आणि उजवा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. मामा चहाचं विचारणार, तोच भिंतीपलीकडून माइकवर गुरुजींचा आवाज आला, “मुहूर्त जवळ आलेला आहे. वधूच्या मामांनी वधूला मंडपात घेऊन यावं.”

“आलो, आलो!” जीपमधले गृहस्थ जागच्या जागी ओरडले. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, “मंडप कुठंय?”

मुलीचे मामा ते हेच होते. आपल्या लग्नात मुलीला मंडपात आणायचा मान मामाचा. मुलीला वडील नव्हते. या एकुलत्या मामाने तिला वाढवलेलं. आठवड्यापूर्वी विहिरीच्या कडेवरून पाय घसरला, डॉक्टर सोडेनात, तरी भांडून निघाले. आणि बाईने त्यांना आमच्याकडे धाडलं होतं. वळसा घालावा तर बायपासवर तीन वरातींनी रस्ता धरलेला. शिडी चढावी तर पाय असा. पलीकडून माइक पुन्हा म्हणाला, “वधूचे मामा जिथं असतील तिथून यावं.” या वेळी ते गृहस्थ ओरडले नाहीत. फेट्याचं टोक डोळ्याला लावून बसले.

भिंतीवरून पलीकडची दोन डोकी वर आली. त्यांना परिस्थिती सांगितली. त्यांतल्या एकाने आमच्या मामांकडे बघून तोडगा काढला, “तुम्हाला बी समदे मामाच म्हणतेत ना? मग तुम्ही या शिडीनं. घेऊन चला पोरीला. वेळ निघून चालली.”

मामांनी क्षणभर विचार केला असावा. मान मोठा होता. पण मग ते म्हणाले, “मी मामा हाय, पण माझ्या सुनेचा. त्या पोरीला तिचा पाहिजे.”

ते मागे गेले आणि पहार घेऊन आले. मोगऱ्याच्या आळ्याजवळ थांबले. मी शेजारीच उभी होते. “सरक जरा,” ते हळूच म्हणाले. मी सरकले. नंतर पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ते मला म्हणाले नव्हते.

मग त्यांनी मोगऱ्यावर पाय ठेवला आणि भिंतीवर पहार घातली.

भिंत एका विटेची होती. पलीकडच्या लोकांनीही जोर लावला. मांडववाले आले, बँडवाले आले, ड्रायव्हर आला, आणि नवऱ्या मुलाचा भाऊ रेशमी कुर्त्याच्या बाह्या सरसावून विटा ओढू लागला. धूळ एवढी उडाली की गुरुजी माइकवर खोकले. भगदाड माणूस जाण्याइतकं झालं तेव्हा सगळे एकदम थांबले, आणि त्या शांततेत जीपमध्ये चालूच राहिलेल्या फोनमधून बाई म्हणाली, “सरळ पुढे जा.”

“जायलो, बाई, जायलो!” मामा तिच्यावर खेकसले, आणि दोन्ही अंगणं हसायला लागली. मुलीच्या मामांना आमच्या खुर्चीसकट उचललं. चिरडलेल्या मोगऱ्याचा वास, विटांची धूळ आणि पलीकडे वाट बघत उभी असलेली हिरव्या शालूतली मुलगी. तिने पुढे येऊन आपल्या मामांचा हात धरला. खुर्चीतल्या मामाने तिला मंडपात नेलं, की तिने खुर्चीतल्या मामाला, ते सांगता येणार नाही. आमच्या मामांनी आमच्या बाजूने अक्षता टाकल्या. त्या भगदाडातून बरोबर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवंड्याला बोलवायचं म्हणाले, तर मामा म्हणाले, “राहू दे. मास्तरीणबाई, एक सांगू का? बाई खोटं बोलत नव्हती.”

“म्हणजे?”

“रस्ता होता इथं. प्लॉट घेतला तवाच्या नकाशात ही गल्ली पलीकडं जात होती. तुझी सासू म्हणली, मला मोगऱ्याला जागा पाहिजे, आडोसा पाहिजे. पलीकडं तवा नुसती ज्वारी होती. ज्वारीत कोण गाडी घेऊन चाललंय? घातली भिंत.” ते थोडं हसले. “एवढी माणसं आली, समद्यांना सांगितलं, बाई चुकायली. ती कुठं चुकायली? चुकायलो मीच.”

सासूबाईंच्या हट्टासाठी त्यांनी रस्त्याचा तुकडा अंगणात घेतला होता, आणि त्या गेल्यावर तो सोडायचा कसा, हे त्यांना उमगत नव्हतं. उमगलं तेव्हा मात्र त्यांनी घोळ घातला नाही. आठवडाभरात उरलेली भिंत काढली. फाटक काढलं. मोगऱ्याची जी मुळं हाती लागली ती स्वतः कुंड्यांत लावून व्हरांड्याच्या पायरीवर मांडली. आमची गल्ली तिच्या मूळच्या वाटेने पलीकडे निघाली, आणि फोनमधली निळी रेघ पहिल्यांदा खरी झाली.

त्यानंतर आमच्याकडे कुणी आलं नाही. गाड्या यायच्या, पण थांबायच्या कशाला? काचा खाली असल्या तर बाईचा आवाज ओझरता ऐकू यायचा, की गाडी पुढे. मामा व्हरांड्यात बसून हात करायचे. काही जण उलट हात करायचे, बरेच जण फोनकडे बघत निघून जायचे. मुलीचे मामा तेवढे वर्षातून एकदा, पाय धड झालेला दाखवायला म्हणून, मुद्दाम थांबायचे. एका संध्याकाळी मी न राहवून विचारलं, “मामा, करमत नाही ना आता?”

एक गाडी गेली, तिची धूळ बसली.

“नाय करमत,” ते म्हणाले. “पण पोचायलेत ना समदे येळेवर. बरं हाय.”

आता शिडी घराच्या भिंतीला टेकून उभी आहे. माठ मी रोज भरते. मोगरा कुंडीत जगला, या उन्हाळ्यात फुलला. गाड्या सरळ जातात.